जॉर्ज रायन: १६७ फाशी रद्द करणारा गव्हर्नर स्वतःच तुरुंगात?

मृण्मयी_के:
फाशीच्या शिक्षेबद्दल वाचत होते त्यात हे नाव आलं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा गव्हर्नर जॉर्ज रायन, जानेवारी २००३ मध्ये पद सोडायच्या दोन दिवस आधी त्याने १६७ जणांची फाशी रद्द केली, बहुतेकांना जन्मठेप. ऊर भरून आला खरंच. आणि पुढच्याच पानावर हाच माणूस भ्रष्टाचारात दोषी, साडेसहा वर्षं शिक्षा! नक्की कसा होता हा? आधीपासूनच फाशीच्या विरोधात होता का?

शिकागोकर:
अजिबात नाही. इलिनॉयमधल्याच कॅंकाकी गावचा माणूस, घरची औषधांची दुकानं, स्वतः फार्मासिस्ट, पक्ष रिपब्लिकन. १९७७ मध्ये राज्यात फाशी परत आणायच्या बाजूने आमदार म्हणून याने मत दिलंय. १९९९ ला गव्हर्नर झाला आणि मार्चमध्ये त्याच्याच कारकिर्दीत एकाला विषारी इंजेक्शन दिलं गेलं. पण त्याच्या महिनाभर आधीच एक कैदी सुटला होता ज्याची मरणाची तारीख दोन दिवसांवर आलेली, कोर्टाने थांबवली म्हणून वाचला आणि मग पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांनी त्याची केस उकरून काढली. १९७७ पासूनचा हिशोब मांडला तर १२ जणांना मारलं आणि १३ जण निर्दोष म्हणून सुटले. १२ ला १३!! ३१ जानेवारी २००० ला त्याने सगळ्याच फाशी थांबवल्या. मत बदलायला हिंमत लागते, मला तरी हा माणूस मोठा वाटतो.

वाटसरू७१:
मोठा म्हणण्याआधी १९९४ बघा. रायन तेव्हा सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे इलिनॉयमध्ये ड्रायव्हिंग लायसन्सचं खातं त्याच्याकडे. खात्यातले लोक लाच घेऊन ट्रकचं लायसन्स द्यायचे आणि त्यातला पैसा याच्या निवडणूक फंडात जायचा. मिलवॉकी शहराजवळ हायवेवर असंच लायसन्स मिळवलेल्या एका ड्रायव्हरच्या ट्रकचा मागचा लोखंडी तुकडा पडला, मागून येणाऱ्या व्हॅनची पेट्रोलची टाकी त्यावर घासून पेटली, एकाच घरातली सहा मुलं गेली. सहा. मी ते वाचून दोन दिवस नीट जेवलो नाही. फाशी रद्द केली ते चांगलंच केलं, पण म्हणून ही मुलं विसरायची का?

अ‍ॅडव्होकेट_देशपांडे:
विसरायची नाहीतच. आणि अजून एक, ज्यांची माणसं मारली गेली त्या कुटुंबांनी २००२ मध्ये दयेच्या अर्जांवरच्या सुनावण्यांमध्ये रडून रडून सांगितलं होतं की सरसकट माफी नको, त्यांचा राग मला कळतो. तरी वकील म्हणून सांगतो, जिथे १३ चुका सापडल्या तिथे चौदावी कुठे दडलीये हे एकेक फाईल बघून कळत नसतं, त्यामुळे सरसकट हाच एक मार्ग उरला होता.

मृण्मयी_के:
सगळ्यांचे आभार, वाटसरूकाका तुमचं वाचून मीही सुन्न झाले. शेवटी काय झालं त्याचं?

शिकागोकर:
२००६ ला दोषी ठरला, २००७ च्या नोव्हेंबरात आत गेला. मार्च २०११ मध्ये इलिनॉयने फाशी कायद्यानेच रद्द केली तेव्हा रायन इंडियानातल्या टेरे होटच्या तुरुंगात होता, केंद्र सरकारचे फाशीचे कैदी ठेवतात त्याच आवारात. त्याच वर्षी जूनमध्ये बायको कॅन्सरने गेली. २०१३ ला सुटला, मे २०२५ मध्ये ९१ व्या वर्षी वारला.