ऐन सत्रातली प्रशिक्षणं : वर्गात काय उतरलं? (अनुभव धागा)

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शिक्षक मंडळींसाठी हा धागा काढतोय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, तीही त्याच्या आवडीनुसार. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालंच पाहिजे. दोन्ही एकाच वेळापत्रकात बसवायचं आणि वर पोषण आहाराच्या नोंदी, मतदार याद्या वगैरे आहेतच.

धोरण चांगलं की वाईट यावर इथे भांडू नका, त्यासाठी शिक्षण परिषदेतला, म्हणजे केंद्रातल्या शाळांच्या शिक्षक बैठकीतला, चहा आहे. एवढंच सांगा : कोणत्या प्रशिक्षणातलं काय तुमच्या वर्गात खरोखर उतरलं? आणि तुम्ही तिकडे असताना इकडे पोरांचं काय झालं? तालुका लिहा, शाळेचं नाव नको.

नंदुरबार जिल्हा, द्विशिक्षकी शाळा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आम्ही दोघंच. एका आठवड्यात दोघांनाही बोलावणं आलं. विनंती केल्यावर आम्हाला आलटून पालटून पाठवलं, म्हणजे एकेका आठवड्याला एक माणूस आणि चार इयत्ता. दिवाळीनंतर आमच्या पाड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. ती जायच्या आधीचे दोन महिने म्हणजे आमचं खरं वर्ष, आणि पत्रं नेमकी तेव्हाच येतात. वेळापत्रक ठरवणाऱ्याने एकदा पाड्यावरची हजेरी उघडून बघावी, बाकी तक्रार नाही.

यावल तालुका, जि. प. शाळा, चौथीचा वर्ग

माझं जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या केंद्राची शिक्षण परिषद म्हणजे पूर्वी परिपत्रकांचं वाचन. केंद्रप्रमुख वाचायचे, आम्ही टिपून घ्यायचो, मग जेवण. थंडीत भरीत-पुरी असली की उपस्थिती शंभर टक्के! नंतर आलेल्या साधनव्यक्तींनी, म्हणजे मार्गदर्शक बाईंनी, पद्धतच बदलली. म्हणाल्या, पुढच्या वेळी टाचणवही आणू नका, मुलांच्या गणिताच्या वह्या आणा, न तपासलेल्या.

वह्या मांडल्या. एका मुलाने ५२ वजा २८ चं उत्तर ३६ लिहिलेलं. दुसऱ्या शाळेतल्या मुलीचंही ३६. तिसऱ्या शाळेत ७१ वजा ४५ चं उत्तर ३४. आम्ही सगळे म्हणालो, हातच्याचा सराव कमी पडतो, आणखी उदाहरणं द्या. त्या म्हणाल्या, ही चूक नियमाने होते आहे, नियम शोधा. मग डोक्यात उजेड पडला : पोरं वर कोण आणि खाली कोण हे बघतच नाहीत. आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. परत आल्यावर मी माझ्या वर्गातल्या एकाला विचारलं, असं का केलंस? तो बिनधास्त म्हणाला, "मोठामाईन धाकला काढाना ना सर!" पहिलीत आम्हीच त्याला हे शिकवलेलं, तो ते इमानेइतबारे पाळत होता. अशा पोराला सरावाची आणखी २० उदाहरणं दिली तर तो तीच चूक २० वेळा पक्की करणार.

मग खराट्याच्या काड्या, रबरबँड आणि दहादहाचे गठ्ठे. कागदावर काहीच नाही. "५२ काड्या घे, मला २८ दे." दोन सुट्या देऊन झाल्या की हात थांबतो. तो माझ्याकडे बघतो, मी खिडकीबाहेर. थोड्या वेळाने रबरबँड सुटल्याचा आवाज येतो. गठ्ठा त्याने स्वतः सोडला की नंतर वहीत हातचा कशाला घ्यायचा हे सांगावं लागत नाही.

या परिषदेचा ना कुणी फोटो मागितला, ना लिंक भरायला लावली. माझ्या नोकरीत सगळ्यात उपयोगाची ठरली ती हीच. माझं स्पष्ट मत आहे की ५० तासांतले ४० तास असे वह्या समोर ठेवून घालवावेत.

जळगाव जिल्हा, खाजगी अनुदानित माध्यमिक, विज्ञान

आमचं प्रशिक्षण म्हणजे वरिष्ठ वेतनश्रेणीचं. १२ वर्षं झाली की ते केल्याशिवाय श्रेणी लागत नाही, निवडश्रेणीला २४ वर्षं. ऑनलाइन होतं. ओट्यावर कळण्याच्या भाकरी आणि शेजारी मोबाईलवर मूल्यमापनाच्या नव्या प्रवाहांवर व्याख्यान. स्टाफरूममध्ये सगळ्यांची कथा हीच. पुढचा व्हिडिओ उघडावा म्हणून आधीचा संपायची वाट बघायची. पगाराला बांधलेलं प्रशिक्षण पगारापुरतंच राहतं. वह्यांचा प्रकार आमच्या संकुलात करून बघायला आवडेल, नववीच्या आकृत्या घेऊन.

धडगाव तालुका, पहिलीचा वर्ग

माझं माहेर अमळनेरचं, घरात अहिराणी. इथल्या मुलांची भाषा पावरी, मला एक शब्द येत नव्हता. पहिलीला घरच्या भाषेतून सुरुवात करा, असं प्रशिक्षणात सांगितलं तेव्हा मी हात वर करून विचारलं, मलाच येत नसेल तर? सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे शिक्षक, म्हणाले, गावात कुणाला येते ते शोधा. उत्तर टाळल्यासारखं वाटलं, पण खरं तेच होतं.

आमच्या खिचडी शिजवणाऱ्या ताई. भांडी घासून झाली की अर्धा तास त्या वर्गात बसून पावरीत गोष्ट सांगतात, अस्वल आणि मोहाची फुलं असली काहीतरी. मी त्यातली दोन वाक्यं विचारून देवनागरीत फळ्यावर लिहिते. जूनपासून तोंड न उघडलेली एक मुलगी उठून म्हणाली की बाई चुकीचं लिहिताय. तिने फळ्यावर येऊन बोट ठेवलं, कुठे ते दाखवलं. ताईंना या कामाचा वेगळा पैसा मिळत नाही, हे मात्र मला खटकतं.

धुळे, सुलभक म्हणून काम केलेला शिक्षक

आमचीही बाजू ऐका. जिल्ह्याला तीन दिवस बसायचं आणि पुढच्या आठवड्यात तालुक्याला तेच सांगायचं. पुण्याहून निघालेला विषय आमच्यापर्यंत येईतो पीपीटी उरते. समोर वीस वर्षं पहिलीला शिकवणाऱ्या बाई बसलेल्या आणि मी त्यांना अक्षरओळख सांगतोय! शेवटी मी स्लाइड बंद करून त्यांनाच पुढे बोलावलं.

आणि प्रशिक्षण मे महिन्यात घ्या म्हणणाऱ्यांसाठी : पत्र्याच्या हॉलमध्ये, ४४ अंशाला, बंद पंख्याखाली एक दिवस बसून दाखवा. शिवाय सुट्टीत बोलावलं की बदल्यात अर्जित रजेचा हिशोब येतो, म्हणून वरूनही फारशी घाई नसते.

शिरपूर तालुका, उपशिक्षक

१ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यापासून आमचा व्यावसायिक विकास म्हणजे टीईटी, शिक्षक पात्रता परीक्षा. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरली असतील तर दोन वर्षांत पास व्हा. १५० प्रश्न, त्यातले ३० बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे. रात्री मुलगी दहावीचं वाचते, समोर मी बालमानसशास्त्रातला पियाजे वाचतो. ती मला प्रश्न विचारते आणि उत्तर चुकलं की हसते. गंमत बाजूला ठेवा, पण बीएडनंतर पहिल्यांदाच हे नीट वाचतोय आणि वर्गातली दोनचार पोरं त्यात दिसतात.

चोपडा तालुका, तिसरीचा वर्ग

यावलच्या सरांना प्रश्न. दोन अंकी जमतं हो. ३०२ वजा १४७ आलं की शून्यापाशी गाडी अडते. काड्या तिथे कशा वापरता?

यावल

शंभराचा गठ्ठा करताना तो दहाच्या दहा गठ्ठ्यांचाच बांधा, सुट्या शंभर काड्यांचा नको. ३०२ म्हणजे शंभराचे तीन आणि सुट्या दोन. सात द्यायच्या आहेत, दहाचा गठ्ठा एकही नाही, म्हणून शंभराचा एक सोडला की दहाचे दहा निघतात. त्यातला एक सोडला की सुट्या १२. आता मुलासमोर शंभराचे दोन, दहाचे नऊ आणि सुट्या १२ आहेत. वहीतल्या शून्याचा नऊ कसा होतो ते त्याला डोळ्यांनी दिसतं. १५५ येईपर्यंत मध्ये बोलू नका. रबरबँड मात्र जाड घ्या, बारीक असले की पोरं बोटांना गुंडाळतात आणि अर्धा तास त्यातच जातो.