तीन दिवस पळायचं की दोन रात्री गायचं?

सह्यसखी
मंडळी, डिसेंबरात जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या अलीकडे तीन दिवसांची ओरिएंटिअरिंग स्पर्धा करायचं घाटतंय, म्हणजे नकाशा-कंपास घेऊन ठिकठिकाणी लावलेले झेंडे क्रमाने शोधत पळायचं. शुक्रवारी गावात स्प्रिंट (छोटी), शनिवारी पठारावर मिडल (मध्यम), रविवारी लाँग (लांब पल्ल्याची). पण नुसतं पळायला कोण येणार? म्हणून शुक्रवारी रात्री ओळखीचा कार्यक्रम आणि अंताक्षरी. शनिवारी शेकोटी, मटण-भाकरी आणि फिनलंडच्या युकोलासारखी छोटीशी रात्रीची रिले. रविवारी बक्षिसं आणि पुरणपोळी. माझ्या मते स्पर्धा हे निमित्त, माणसं जोडणं महत्त्वाचं. सूचना कळवा.

कंपासवाला
सूचना एकच. "स्पर्धा" खोडा आणि "सहल" लिहा, म्हणजे माझ्यासारखे फसून पैसे भरणार नाहीत.

"स्पर्धा हे निमित्त" वाचून तिडीकच गेली डोक्यात. दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका निमित्ताला गेलो होतो, नाव घेत नाही. रात्री साडेबारापर्यंत माइक चालू. माइक बंद झाला तर कुणीतरी ब्लूटूथचा डबा काढला. माझा स्टार्ट सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी. मी तंबूत पडून "ठ"वरून गाणं शोधत होतो, कारण बाहेर कुणालाच सुचत नव्हतं आणि ते सुचल्याशिवाय कुणी झोपू देणार नव्हतं.

बरं, झोप माझी गेली, सोडून देतो. पण त्याच रात्री कोर्स, म्हणजे झेंड्यांची वाट, आखणारे गृहस्थ पहिल्या पंगतीत बसले, तिसऱ्या भाकरीला खुलले आणि बोलून गेले, "उद्या कोरड्या टाक्याला गंमत आहे, सगळे खालच्या घळीत शोधणार." मी दुसऱ्या पंगतीत होतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं मी इमानदारीत खालच्या घळीत शोधलं. पहिल्या पंगतीतले लोक वरून सरळ टाक्यावर. मिडलला जिंकणाऱ्याचा अख्खा कोर्स अर्ध्या तासात संपतो, तुम्हीच हिशेब करा.

तेव्हा गाणं, नाच, पुरणपोळी जे काय असेल ते रविवारी, शेवटचा माणूस आत आल्यावर. तोवर नऊला दिवे बंद. आणि हे सगळं ठरवण्याआधी एक साधा प्रश्न. नकाशा कुठाय?

रविवारचा मावळा
कंपासवाले, तुम्ही जिंकायला येता, आम्ही हरायलाच येतो. आमच्यासारखे नसतील तर तुम्ही कुणाला हरवणार?

बायको आणि दोन्ही पोरं माझ्याबरोबर येतात ती शेकोटीसाठी. त्यांना समोच्च रेषा वगैरे शिकवायला गेलो की चिप्सचं पाकीट फोडतात. रात्रीचं काही नसेल तर ती येणार नाहीत, आणि ती नाहीत तर मलाही सुट्टी मंजूर होणार नाही. विषय संपला.

जाता जाता आयोजकांना विनंती. शेवटी येणाऱ्याला पोहे उरत नाहीत. गेल्या खेपेला मी दोन तास चाळीस मिनिटांनी आत आलो, तर पातेल्याच्या बुडाशी खरवडलेली करपट आणि एक मिरची. जिंकणाऱ्याने पहिल्यांदा खायचं आणि वर त्यालाच पदक, हा कुठला न्याय? आणि एक्सएल टी-शर्ट म्हणून जो दिला तो सध्या माझा धाकटा घालतो. इयत्ता पाचवी.

सह्यसखी
कंपासवाले, तुमचा अनुभव वाईट होता, मान्य. पण दुसरी बाजूही ऐका. गेल्या वर्षी आम्ही अगदी तुमच्या पद्धतीची, कोरडी स्पर्धा घेतली. स्टार्ट, फिनिश, निकाल, घरी. चाळीसेक माणसं आली, त्यातली निम्मी आयोजकांची नातेवाईक. माझ्या आत्याला व्हेटरन गटात पहिलं बक्षीस मिळालं कारण गटात ती एकटीच होती. ती अजून ते पदक फ्रिजवर लावून ठेवते. अशाने खेळ वाढतो?

नकाशाची काळजी नको. टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा) आहे, तिची रंगीत प्रत मोठी करून घेऊ.

कंपासवाला
टोपोशीट. मोठी करून. घ्या!

स्टॉकहोमची काकू
युकोलाचं नाव निघालं म्हणून लिहिते. इथे येऊन अकरा वर्षं झाली, लेक क्लबमध्ये धावते, मी चालते आणि हरवते.

युकोला १९४९पासून चालू आहे. पुरुषांच्या संघात सात जण, पहिला गडी रात्री ११ला सुटतो आणि शेवटचा सकाळी येतो. पण ती जूनच्या मध्यावर असते. फिनलंडात तेव्हा रात्र म्हणजे आपल्याकडची दिवेलागण. डिसेंबरात जुन्नरला काळाकुट्ट अंधार असतो, हे विसरू नका.

तीन दिवसांच्या स्पर्धेला नमुना हवाच असेल तर इथली ओ-रिंगेन बघा. १९६५ साली सुरू झाली, जुलैच्या अखेरीस असते, पाच दिवस पाच टप्पे आणि मध्ये एक दिवस सुट्टी. १९८५ला फालूनमध्ये सुमारे २५ हजार लोक आले होते. लहान पोरांसाठी फितीने आखलेली वेगळी वाट असते, ऐनवेळी नाव देऊन धावणाऱ्यांसाठी खुले गट असतात. अख्खं तंबूंचं गाव वसतं. म्हणजे सखी म्हणते ती माणसं जोडण्याची गोष्ट तिथे आहेच, पण माइकवर नाही. धावून आलेले लोक चिखलाचे पाय घेऊन गवतात नकाशे पसरून बसतात. "सातव्याला तू डावीकडून गेलास? वेडा आहेस का?" हे तासन् तास चालतं. मी तिथे भडंगाचा डबा उघडला की शेजारचे पाच-सहा स्वीडिश आजोबा आपसूक जमतात.

आणि पंगतीत कोर्स फुटतो म्हणून पंगत नको, हे काही पटत नाही. कोर्स आखणाऱ्याच्या तोंडाला कुलूप लावा. बऱ्याच ठिकाणी शेवटचा स्टार्ट होईपर्यंत आत आलेल्यांचे नकाशे जमा करून ठेवतात, तसंच हे.

निवृत्त सुभेदार
टोपोशीटला नावं ठेवणाऱ्यांसाठी.

आम्ही १:५०,०००च्या शीटवर, प्रिझमॅटिक कंपास घेऊन, अमावास्येच्या रात्री पंधरा-पंधरा किलोमीटर चाललोय. बेअरिंग (कंपासवरून दिशा) घ्यायचं, पावलं मोजायची, शंभर पावलांना एक खडा या खिशातून त्या खिशात. पोहोचलो नाही असं झालं नाही. हल्लीच्या मुलांना रंगीत नकाशा पाहिजे, अंगठ्यावरचा कंपास पाहिजे, मनगटावर घड्याळ पाहिजे, आणि एवढं करून घळीत वीस मिनिटं.

कंपासवाला
सुभेदारसाहेब, आदर आहेच, पण हा खेळच वेगळा आहे. तुम्हाला पंधरा किलोमीटरवरचं गाव गाठायचं होतं. मला तीनशे मीटरवरच्या कातळाच्या *मागचा* झेंडा गाठायचा असतो, तोही पळत.

१:५०,०००ला एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर आणि कंटूर, म्हणजे समोच्च रेषा, उंचीच्या दर २० मीटरला एक. ज्या घळीत मी अडकलो ती आठ मीटर खोल होती. म्हणजे शीटवर ती नाहीच! टोपोशीट मोठी केली म्हणून तपशील वाढत नाही, रेघा जाड होतात. ओरिएंटिअरिंगचा जंगलातला नकाशा १:१५,०००चा, कंटूर पाच मीटरला, आणि कातळ, बांध, एकटं झाड, पडकी भिंत, पळता येईल असं रान आणि न येईल असं रान, सगळं त्यावर असतं. कारवीचं रान आणि मोकळं माळरान शीटवर सारखंच दिसतं. डिसेंबरातल्या कारवीत शिरून दाखवा, मग बोलू.

निवृत्त सुभेदार
कारवीत? मी तुझ्या वयाचा असताना कारवीत झोपलोय. आणि मला "आदर आहेच, पण" म्हणू नये. "पण" आला की आदर गेला.

वाडीवरचा
त्याच भागातला आहे म्हणून बोलतो. तुमच्या त्या जुन्या शीटवर आमची वाडी आहे, विहीर आहे, देऊळ आहे. सगळं धरणाच्या पोटात गेलं. लहानपणी आजा बोट करून दाखवायचा, "तिथं आपलं अंगण." उन्हाळ्यात पाणी हटलं की देवळाचा चौथरा दिसतो. सुभेदारसाहेब, त्या शीटवर बेअरिंग घेऊन निघालात तर पावलं मोजता मोजता गळ्यापर्यंत पाणी येईल.

रात्रीच्या रिलेचं वाचून बायकोला हाक मारून दाखवलं. जुन्नर तालुका आहे हा! बिबट्या सगळ्यात जास्त कुठं आहे म्हणून विचारलं तर पोरगंसुद्धा सांगेल. संध्याकाळी उसाच्या कडेनं आम्ही मोठ्यानं बोलत, काठी आपटत जातो. तुमची माणसं डोक्याला दिवा लावून एकेकटी पळणार? वाकून, कंपासकडं बघत? बिबट्याला दोन पायांवरचा माणूस कळतो, वाकलेला कळत नाही.

शेकोटीबद्दलही सांगून ठेवतो. डिसेंबरात पठारावरचं गवत वाळलेलं असतं. एक ठिणगी उडाली की गवत, गुरांची वैरण आणि हिरड्याची झाडं, सगळं जाणार. हिरड्यावर घरं चालतात इथं. शेकोटी करायची तर वाडीत, अंगणात.

सह्यसखी
रिले रद्द. आत्ता, या क्षणी. शेकोटी वाडीत.

रविवारचा मावळा
बिबट्या असेल तर माझा वेळ नक्की सुधारेल.

निवृत्त सुभेदार
वाडीवरच्या भाऊ, धरणाचं माहीत नव्हतं. शीट १९७०च्या दशकातलं असणार. तरीही सांगतो, जुनं शीट फेकू नका. डोंगर काही धरणात गेला नाही.

कंपासवाला
डोंगर गेला नाही, पण तो २० मीटरच्या कंटूरमध्ये लपलेला आहे!

निवृत्त सुभेदार
मग बनव की नकाशा. कीबोर्डवर बेअरिंग घेता येत नाही.

कंपासवाला
बनवलाय. पुण्याजवळच्या एका टेकडीचा. एक चौरस किलोमीटर, नऊ रविवार. उपग्रहाचं चित्र खाली ठेवायचं, मग पायाने फिरून एकेक बांध चढवायचा. चौथ्या रविवारी एका गृहस्थांनी हटकलं, "काय मोजताय? प्लॉट पडणार का?" सातव्या रविवारी त्यांनीच चहा पाजला आणि प्लॉट पडला तर आधी मला सांगा म्हणाले. २०२१पासून नियम सैल झालेत, आपला नकाशा बनवायला आता आधी परवानगी घ्यावी लागत नाही. पण नऊ रविवार द्यायला कुणी तयार नसतं. अंताक्षरीला मात्र स्वयंसेवक ढिगाने!

माझा खरा राग हाच आहे, आता बोलूनच टाकतो. कार्यक्रम समितीत बारा जण. नकाशाला एक. तो एक मी.

स्टॉकहोमची काकू
इथेही रडगाणं तेच. क्लबमध्ये केक भाजायला रांग, कंट्रोलचे झेंडे गोळा करायला पावसात कोण जाणार म्हटलं की सगळे बुटांच्या नाड्या बांधतात.

सह्यसखी
बारा नाही, नऊ. आणि त्यातले तिघे माझ्या आग्रहाने आलेत. हे तुम्ही आधीच सरळ सांगितलं असतंत तर "सहल" म्हणून टोमणा मारायची वेळ आली नसती. पण तुम्हाला सरळ बोललेलं कुणी ऐकलंय?

ठीक. जेवण दोन्ही रात्री सातला. साडेनऊला सगळं बंद, माइक आणायचाच नाही. कोर्स आखणाऱ्याला वेगळं ताट, वेगळी खोली, हवं तर बाहेरून कडी. अंताक्षरी रविवारी दुपारी. पोहे दोन घाण्यांत, दुसरा घाणा शेवटून दहा जणांसाठी राखीव. मावळे, खूश?

रविवारचा मावळा
टी-शर्टचं राहिलं.

कंपासवाला
काकूंचं म्हणणं बरोबर आहे, हे लिहिताना जिवावर येतंय. पंगतीला माझी हरकत नव्हतीच. म्हणजे होती, पण माइकला जास्त होती. मात्र साडेनऊ म्हणजे साडेनऊ. "एक शेवटचं गाणं" हा प्रकार मी ओळखून आहे. आणि डिसेंबर विसरा. या नकाशाला किमान पंधरा रविवार लागतील, आणि अंगाला खाज सुटत असतानाही कारवीतून चालणारा माणूस लागेल.

निवृत्त सुभेदार
मी येतो. कंपास माझा. तुझं घड्याळ घरी ठेवायचं.

कंपासवाला
घड्याळात नकाशा दिसत नाही साहेब, नियमात बसतं ते.

निवृत्त सुभेदार
घरी.

वाडीवरचा
रविवारी येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, भाकऱ्या टाकायला सांगतो. फुकट नाही. मागं एक मंडळ आलं होतं, तीस माणसं जेवली आणि "प्रसिद्धी देतो" म्हणून गेली. आमचे दोन मोठे टोप पण त्यांच्याच गाडीत गेले, अजून आले नाहीत.

सह्यसखी
भाऊ... झाकणावर लाल रंगाने आडनाव लिहिलेले का?