मदत हवी आहे (तातडीचं): आइस स्टॉर्म आमच्याकडे नक्की किती येणार, कुठे बघायचं?

अंगण२१ | बुधवार, दुपारी १:१०
उद्या रात्रीपासून आइस स्टॉर्म आहे, म्हणजे पाऊस पडता पडता झाडांवर-तारांवर गोठणार. एक ॲप पाऊण इंच बर्फ सांगतंय, दुसरं सांगतंय नुसता पाऊस, ३४. टीव्हीवरच्या नकाशात आमचा भाग गुलाबी आणि जांभळ्या पट्ट्याच्या बरोबर मधे येतो. सकाळपासून हेच बघत बसलेय, डोकं बधिर झालंय. कोणाचं खरं धरायचं? मला आज रात्रीपर्यंत ठरवायचं आहे. जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

केदार_ | १:२२
३४ फॅरनहाइट ना? आणि कधीचं? पाऊस सुरू होण्याआधीचं की पाऊस पडत असतानाचं? दवबिंदू किती? वारा कुठून? एवढं कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

निशिगंध | १:२५
गाडीच्या काचेवर बर्फ धरला तर गरम पाणी अजिबात ओतू नका, काच तडकते. आदल्या रात्रीच वायपर उभे करून ठेवा.

टेकडीपलीकडे | १:३१
ॲप सोडा हो. रडार बघा, पण साधं नाही, कोरिलेशन कोएफिशंटचं चित्र, म्हणजे हवेतले थेंब-कण किती एकसारखे आहेत त्याचा आकडा. बर्फ जिथे वितळतो त्या उंचीवर हा आकडा घसरतो आणि रडारभोवती एक कडं दिसतं. त्यावरून वरच्या उबदार थराची उंची कळते. मी गेली सात वर्षं असंच बघतोय.

अंगण२१ | १:३८
फॅरनहाइटच, दुसरं काय असणार? उद्या संध्याकाळी सहाचं ३४ आहे, तेव्हा पाऊस सुरू झालेला नसेल. दवबिंदू २२ दाखवतंय, वारा ईशान्येचा. डोंगररांगेच्या पूर्वेला आहोत, खोलगट भागात. गावाचं नाव इथे लिहीत नाही. वेदर सर्व्हिसने (इथलं अमेरिकेचं सरकारी हवामान खातं) विंटर स्टॉर्म वॉच दिलंय, म्हणजे नुसती शक्यता; वॉर्निंग, म्हणजे पक्का इशारा, अजून नाही.
रडारवर आत्ता काहीच दिसत नाहीये, मग मी काय बघू?

केदार_ | १:५५
ताई, आता चित्र स्पष्ट झालं. ३४ वर जाऊ नका. दवबिंदू इतका खाली, म्हणजे हवा कोरडी आहे. पाऊस सुरू झाला की त्यातलं काही पाणी हवेतच वाफ होऊन जातं आणि तापमान उतरतं. ढोबळ हिशेब असा: तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकाचा एक तृतीयांश वजा करा. ३४ मधून ४ गेले, ३० उरले. म्हणजे पहिल्या सरींनीच तुम्ही ३२ च्या, म्हणजे गोठणबिंदूच्या, खाली जाल. शिवाय ईशान्येची थंड, जड हवा डोंगराला अडून पूर्वेच्या पायथ्याशी साचते. ती लवकर हटेल असं संगणकाची हवामान मॉडेलं दाखवतात आणि ती हटत नाही. तुमचं दुसरं ॲप तिथेच फसलेलं असणार.
थोडक्यात, वर उबदार थर, तिथे बर्फ वितळतो. खाली जमिनीलगत गोठणबिंदूखालचा थर. तो पातळ असेल तर थेंब पाणी म्हणूनच खाली येतो आणि तारेला टेकताक्षणी गोठतो. जाड असेल तर हवेतच गोठून बर्फाचे दाणे होतात. ते उसळून खाली पडतात, तारेला धरत नाहीत. तुमच्या नकाशातल्या गुलाबी-जांभळ्याचा, म्हणजे थेंब की दाणे याचा, सगळा वाद या खालच्या थराच्या जाडीचा आहे.

टेकडीपलीकडे | २:०३
तेच तर म्हणतोय मी, रडारवर कळतं.

केदार_ | २:०८
वरचा थर कळतो, खालचा नाही. रडारचा सर्वांत खालचा झोतसुद्धा १०० किलोमीटरवर पोचेपर्यंत जमिनीपासून दीड किलोमीटर वर गेलेला असतो. आपला थंड थर काही शे मीटरचा. रडार त्याच्या डोक्यावरून बघतं.

टेकडीपलीकडे | २:१४
रडार जवळ असेल तर दिसतो. आणि ते किती लांब आहे हे त्यांनी सांगितलेलंच नाही. खालचा थर मोजायला हवामानाचा फुगा म्हणाल तर तोसुद्धा दिवसातून दोनदाच सोडतात, मधले बारा तास काय करायचं?

मनवा | २:१७
अवांतर: याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? गारपीट म्हटलं की लोकांना उन्हाळ्याच्या तोंडाशी पडणाऱ्या गारा आठवतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हिमवादळ म्हणावं तर हिम पडतच नाही.

निशिगंध | २:२०
'गोठता पाऊस' कसं वाटतं?

मनवा | २:२१
छान आहे. 'गोठणारा'पेक्षा बरं.

रानवाटा | २:४०
ताई, काय ठरवायचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. प्रवास? शाळा? त्यावर उत्तर बदलतं.
जानेवारी १९९८ मध्ये मी मॉन्ट्रियलला शिकत होतो. ५ ते १० तारखेपर्यंत हाच पाऊस थांबून थांबून पडत राहिला, दक्षिणेकडच्या भागात काही ठिकाणी १०० मिमीच्या वर. हजाराहून जास्त पोलादी मनोरे आडवे झाले. काही घरांत महिनाभर वीज नव्हती. माझ्या खिडकीसमोर एक बर्च होता, त्याचा शेंडा वाकून जमिनीला टेकला आणि तिथेच चिकटून बसला. रात्रभर फांद्या मोडण्याचे आवाज येत, बंदुकीच्या बारासारखे. म्हणून म्हणतो, इंच मोजण्याआधी वीज गेली तर तुमचं काय अडतं ते सांगा.

अंगण२१ | २:५२
वीजच हो. सासऱ्यांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो, दिवसरात्र, मिनिटाला २ लिटरवर. मला वाटलं मी लिहिलंय. नणंदेचं घर दोन तासांवर आहे, तिच्याकडे फक्त पाऊस आहे. पण बाबांना थंडीत गाडीत बसवून न्यायचं म्हणजे त्यांचे हाल होतात, मागच्या वेळी दोन दिवस झोपून होते. उगाच न्यायला नको आणि न नेऊन चूक व्हायला नको, यात अडकलेय. हे हवामानाचं कळलं तर ठरेल.

केदार_ | २:५८
अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं!

बाळाई | ३:०५
पोर्टेबल पॉवर स्टेशन (मोठी बॅटरी) घ्या. आम्ही १००० वॉट-अवरचं घेतलं, फ्रिज, फोन, राउटर सगळं चालतं. कुठेही जायची गरज नाही.

रानवाटा | ३:१२
बाळाई, फ्रिज सारखा चालू नसतो, कॉन्सन्ट्रेटर असतो. घरगुती ५ लिटरचं यंत्र साधारण ३५० वॉट खातं. तुमचं १००० वॉट-अवर त्याला जेमतेम अडीच तास पुरेल. ताई, घरात सिलिंडर किती आहेत? ई आकाराचा भरलेला सिलिंडर २ लिटरवर साडेपाच तासांच्या आसपास जातो. काट्यावर बघा, अर्धा असेल तर वेळही अर्धा.

बाळाई | ३:१६
मग जनरेटर. गॅरेजचं दार उघडं ठेवून लावायचा.

रानवाटा | ३:१९
नाही. कृपया असं सांगू नका. दार उघडं असलं तरी गॅरेजमधला कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. १९९८ मध्येही त्याने माणसं गेली. जनरेटर घराबाहेर, खिडक्या-दारांपासून निदान २० फूट लांब. आणि ऑक्सिजन चालू आहे त्या खोलीत मेणबत्ती पेटवायची नाही.

अंगण२१ | ३:३०
दोन सिलिंडर आहेत. एक भरलेला, एकाचा काटा पावाच्या जरा वर. पुरवठादाराला फोन केला, माणूस म्हणाला शुक्रवारी आणून देऊ. शुक्रवारी आणून काय करू मी?
पाऊण इंच म्हणजे तारा तुटतात का? एवढंच सांगा.

केदार_ | ३:४४
ॲपचा पाऊण इंच बहुतेक सपाट पृष्ठभागावरचा असतो. तारेभोवती थर सगळीकडून चढतो, त्याची जाडी साधारण चार दशांश धरा. म्हणजे ०.३ इंच. वेदर सर्व्हिस बऱ्याच भागांत पाव इंचाला आइस स्टॉर्म वॉर्निंग देते, तुम्ही त्याच्या वर आहात. अर्धा इंच झाला तर दोन खांबांमधल्या तारेवर ५०० पौंडांपर्यंत भार येऊ शकतो. ०.३ ला तारा आपणहून क्वचित तुटतील, पण फांद्या तारांवर पडतील, आणि वारा असला तर नक्कीच.
एक गोष्ट तुमच्या बाजूची: पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे हवा हळूहळू ३२ कडे चढते आणि साचणं मंदावतं. पण ईशान्येकडून कोरडी हवा येत राहिली तर ही सवलत मिळत नाही. तुमचा वारा ईशान्येचाच आहे.

टेकडीपलीकडे | ३:५१
इथे केदारशी सहमत. आणखी एक, मुसळधार पडला तर बराचसा ओघळून जातो. बारीक रिपरिप जास्त वाईट, ती सगळी चिकटते. रस्त्यांत पूल आधी गोठतात, खालूनही गार हवा लागते म्हणून. जायचं असेल तर उद्या दुपारच्या आत जा, संध्याकाळी नको.

रानवाटा | ३:५५
पावणेसात तासांचा ऑक्सिजन आणि वर ही हवा. ताई, मी असतो तर नेलं असतं. वीज कंपनी वैद्यकीय उपकरणं असलेल्या घरांची यादी ठेवते का तेही विचारा, पण यादीत नाव आहे म्हणून वीज जाणार नाही असं नसतं. तो पाववाला सिलिंडर गाडीत वापरा, भरलेला राखून ठेवा. पाव सिलिंडर म्हणजे सव्वा तासच, तेव्हा निघाल्यावर पाऊण तासाने काटा बघून बदला. सिलिंडर गाडीत मोकळे ठेवू नका, पट्ट्याने बांधा. बाबांच्या डॉक्टरांना फोन करून प्रवासात प्रवाह किती ठेवायचा ते विचारून घ्या.

अंगण२१ | ४:२०
डॉक्टरांशी बोलले. २ लिटरच ठेवा, मधे एकदा थांबा म्हणाले. उद्या सकाळी नऊला निघतोय. बाबांना सांगितलं, त्यांनी फक्त त्यांचा रेडिओ घ्यायला सांगितला. हे मागे घरी थांबणार आहेत.

अंगण२१ | शुक्रवार, सकाळी ११:०५
नणंदेकडे नीट पोचलो. बाबा ठीक आहेत, काल रात्री झोपलेही. घरची वीज पहाटे ३:४० ला गेली, अजून आलेली नाही. पाऊस सुरू झाला तेव्हा ३४ होतं, तासाभरात ३०.
यांनी अंगणातल्या डॉगवुडची डहाळी तोडून फोटो पाठवला. पेन्सिलीच्या शिशाएवढी काडी आणि तिच्याभोवती काचेसारखी बर्फाची कांडी, आत कळी जशीच्या तशी दिसतेय. पट्टीवर एका बाजूचा थर ८ मिमी भरला.

केदार_ | ११:१४
८ मिमी म्हणजे ०.३ इंच. त्यांना एमपिंग ॲपवर नोंद टाकायला सांगा, पावसाचा प्रकार एवढंच विचारतात. या नोंदी हवामानवाल्यांच्या खरंच कामाला येतात, जमिनीवर काय पडतंय ते रडारला दिसत नाही.

टेकडीपलीकडे | ११:२०
जवळ असेल तर दिसतं.

अंगण२१ | ११:३२
टाकायला सांगते. आता हे म्हणतायत ऊन पडलंय, अंगणात जाऊन पडलेल्या फांद्या ओढून काढतो. जाऊ देऊ का?

रानवाटा | ११:३४
नको. आत्ताच फोन करा. ऊन लागलं की वरचा बर्फ तुकड्यातुकड्यांनी सुटतो, वाकलेल्या फांद्या झटक्यात उसळतात, काही तेव्हाच मोडतात. फांदीखाली तार असेल तर ती मेलेली आहे असं धरायचं नाही. झाडं मोकळी होईपर्यंत घरातच थांबू दे त्यांना.

अंगण२१ | ११:३७
केला. आत आलेत.