शेअरपॉइंट 2019 : यूझर प्रोफाइल सिंकचे जॉब रात्री किती वाजता लावायचे?

मांडवीकाठ :
नमस्कार मंडळी, ऑफिस पणजीत, फॅक्टरी वेर्ण्याला, आमच्या आतल्या साइट शेअरपॉइंटवर (मायक्रोसॉफ्टचं ऑफिसच्या साइट आणि फाइलींचं सॉफ्टवेअर), साधारण 600 यूझर. दिवसा सर्व्हरवर लोड नको म्हणून गेल्या महिन्यात मी प्रोफाइलचे सगळे टायमर जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) रात्री 2 ला लावले. आता जूनच्या बदल्या झाल्या, वेर्ण्याची बरीच माणसं पणजीत आली, त्यांचं डिपार्टमेंट मी एडीत (ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे कंपनीच्या यूझरांची मुख्य नोंद) सोमवारी सकाळी बदललं, मंगळवारी प्रोफाइल पेजवर नवीन आलं पण साइटवर जुनंच, तिथे बुधवारी बदललं. दोन दिवस का लागतात?

कुळागर :
बाब, दोन्ही जॉब एकाच वेळी सुटतात म्हणून. ॲक्टिव्ह डिरेक्टरी इंपोर्ट माहिती एडीतून प्रोफाइलमध्ये आणतो आणि 'प्रोफाइल टू शेअरपॉइंट' वाला जॉब ती तिथून प्रत्येक साइट कलेक्शनच्या (साइटच्या गटाच्या) यूझर लिस्टमध्ये टाकतो, दोन्ही 2 ला सुटले की दुसऱ्याच्या हाती कालचाच माल लागतो. मुळात इंपोर्ट रात्रीवर ढकलायची गरजच नव्हती, डीफॉल्टला तो दर 5 मिनिटांनी असतो आणि फक्त बदललेलंच उचलतो, 600 यूझरचं ओझं सर्व्हरला कळणारसुद्धा नाही. साइटवाल्या जॉबचा फुल सिंक दर तासाला, क्विक (साइटवर नव्याने आलेल्यांपुरता) दर 5 मिनिटांनी. सेंट्रल ॲडमिन, मॉनिटरिंग, रिव्ह्यू जॉब डेफिनिशन्स, तिथे जाऊन परत तसंच करा. घाई असेल तर रन नाऊ, पण आधी इंपोर्ट, जॉब हिस्टरीत तो सक्सीडेड दिसला की मगच दुसरा.

वास्को_सर्व्हररूम :
वरचं बरोबर आहे. रात्री लावायची सवय शेअरपॉइंट 2010 आणि 2013 मधली, तेव्हा सिंक आतल्या फोरफ्रंट आयडेंटिटी मॅनेजरवर (यूझरांची माहिती जुळवणारं मायक्रोसॉफ्टचंच सॉफ्टवेअर) चालायचा, फुल सिंकसाठी मी स्वतः पहाटेपर्यंत बसलोय. 2016 आवृत्तीपासून फोरफ्रंट सर्व्हरमधून काढलाच. एक विचारतो, बदल्यांत कुणाची ओयू (एडीतला यूझरांचा फोल्डरसारखा गट) बदलली का? इंपोर्टला निवडलेल्या ओयूबाहेर माणूस गेला तर त्याची माहिती येणं बंद होतं. ओयूची निवड किंवा फिल्टर बदलला तर फुल इंपोर्ट हातानेच चालवायचा. आणि पॉवरशेलमधून (कमांड द्यायची खिडकी) नॉन-इंपोर्टेड ऑब्जेक्ट्सची, म्हणजे इंपोर्टबाहेर राहिलेल्यांची, यादी आधी बघा, न बघता पर्ज करू नका, म्हणजे ती प्रोफाइलं काढून टाकू नका, पर्ज झालेल्याची माय साइट (त्याची स्वतःची साइट) पुढे क्लीनअप जॉब उडवतो, लोकांच्या फाइली असतात हो तिथे.

मांडवीकाठ :
दोन्ही जॉब डीफॉल्टवर आणले, 11 ला एकाचं डिपार्टमेंट बदललं, साडेबाराला साइटवर दिसलं! यादीही काढली, वेर्ण्याची तिघंजणं भलत्याच ओयूत पडलीत. पर्ज केलं नाही, त्यांना आधी जागेवर आणतो. देव बरें करूं दोघांचंही.