नवे यलो लॅब सोडताना

टाकीत आधीपासून म्बुना (खडकांत राहणारे सिक्लिड मासे) आहेत आणि त्यांच्यात दोन यलो लॅब, म्हणजे पिवळे म्बुनाच, सोडायचे आहेत, तर पिशवी टाकीच्या पाण्यात तरंगवून सोडा, असं एकाने सुचवलंय. तापमान जुळायला ते ठीक, पण मारामारी त्याने थांबत नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या या माशांचे नर कपारी अडवून बसतात. त्यामुळे सोडण्याआधी दगड पूर्ण काढून नव्याने रचा, म्हणजे जुन्यांच्या हद्दीही मोडतात. खालचे दगड थेट तळावर टेकवा. वाळूवर ठेवले तर हे मासे खालून उकरतात आणि रास काचेवर कोसळते.

दोन नकोत, जागा असेल तर पाच-सहा एकदम आणा. मार एकट्यावर येत नाही. मुख्य टाकीत सोडण्याआधी 3-4 आठवडे वेगळ्या टाकीत ठेवाच, ही पायरी गाळू नका.

कुरिअरने आलेली पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसू नका. कार्बन डायऑक्साइड उडून पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. तापमान जुळलं की जाळीने उचलून त्या वेगळ्या टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत नको.

मुख्य टाकीत सोडताना जुन्यांना खाऊ घालून दिवे बंद करा. दुसऱ्या दिवशी एखादा वरच्या कोपऱ्यात, फिल्टरमागे, फाटक्या परांनी लटकलेला दिसला तर लगेच बाहेर काढा.