आइस हॉकी: क्लिप बघणारे आणि मॅच बघणारे

ताई: आइस हॉकीपटू झेग्रसच्या पासची क्लिप टाकली होती, बघितली का? डिसेंबर २०२१ मधली. गोलच्या मागून काठीवर पक (चकती) उचलला, जाळीवरून पलीकडे उडवला आणि सोबत्याने हवेतच टोलवून गोल केला!

मावशी: तीनदा लावली गं. खेळ मात्र काही कळला नाही.

मामा: तेच म्हणतोय मी. क्लिप बघतात ढीगभर, मॅच लावून कितीजण बसतात?

दादा: मामा, पण ओळख तरी होते ना. पक म्हणजे ३ इंचांची काळी चकती, टीव्हीवर नवख्याला दिसायचीच नाही. १९९६ मध्ये फॉक्स वाहिनीने पडद्यावर तिच्याभोवती निळं वलय दाखवायला सुरुवात केली. जुने प्रेक्षक चिडले, १९९८ नंतर ते बंदच झालं. आता स्लो मोशनमध्ये कोणालाही दिसते.

ताई: दिसते, पण खेळायला बर्फाचं रिंक लागतं रे. ऑस्टन मॅथ्यूज हा खेळाडू अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या वाळवंटात वाढला. लहानपणी कायोटीज या तिथल्या संघाच्या मॅच बघायला जायचा, २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पहिला निवडला गेला. संघ गावात होता म्हणून हे घडलं. २०२४ मध्ये तो संघ सॉल्ट लेक सिटीला गेला. आता अॅरिझोनाच्या पोरांना एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडाची मोठी लीग, फक्त पडद्यावर. मला फार वाईट वाटतं त्याचं.

मामा: आणि स्केट्स, हेल्मेट, पॅड, बर्फावरच्या वेळेचं भाडं. रील फुकट असते, हे नसतं.

मावशी: मग ऑनलाइनचा उपयोगच नाही का?

ताई: आहे गं, अख्खी मॅच दाखवली तर. बायकांची हॉकी लीग पीडब्ल्यूएचएल १ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. पहिल्याच मोसमात सामने यूट्यूबवर फुकट होते. त्याच एप्रिलमध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला टोरंटोविरुद्धच्या सामन्याला २१,१०५ लोक आले! खेळाडूंची नावं, कोणाचं कोणाशी वैर, हे पूर्ण सामन्यातच कळतं. १५ सेकंदांत फक्त गोल कळतो.

दादा: हे पटलं. पण त्यातले बरेच आधीपासूनचे हॉकीवेडे असतील. मॉन्ट्रियल आहे ते.

ताई: असतील. म्हणून तर हॉकी नसलेल्या शहरांतही सामने भरवायला हवेत.

मावशी: बरं, मी एक पूर्ण मॅच लावते. मध्येच शिट्टी का वाजते तेवढं सांग.

ताई: बऱ्याचदा ऑफसाइडमुळे. पकच्या आधी समोरच्यांची निळी रेषा ओलांडायची नाही. रेषेवर नजर ठेव, पकवर नको.