अमेरिकेतील पालकांनी चालवलेल्या युवा गटाचा करक्रमांक आणि बँक खाते

प्रश्न

नमस्कार. आम्ही काही पालक अमेरिकेत शाळकरी मुलांचा एक गट चालवतो. पदभ्रमंती, निवासी शिबिरे आणि परिसर-स्वच्छतेचे उपक्रम असे त्याचे स्वरूप आहे. सर्वजण स्वयंसेवक आहेत, पगारी कोणी नाही, आणि गटाची संस्था म्हणून कोठेही नोंदणी झालेली नाही. वर्गणी आणि शिबिरांचे शुल्क आजवर आमच्या खजिनदार ताईंच्या वैयक्तिक बचत खात्यात जमा होत आले आहे. त्यांनी हिशेब अत्यंत चोख ठेवला असून त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. परंतु त्या आता दुसऱ्या राज्यात स्थलांतरित होत आहेत. गटाच्या नावाने खाते उघडण्यासाठी आम्ही बँकेत गेलो, तेव्हा पहिलाच प्रश्न गटाच्या करक्रमांकाचा निघाला.

हा क्रमांक घेतल्यावर आमचा गट आपोआप करमुक्त ठरतो का? दरवर्षी विवरणपत्र भरावे लागते का? एखाद्या मोठ्या संस्थेचा क्रमांक वापरून काम भागेल का? आमची वर्षाची जमा साधारण पाच हजार डॉलरच्या आसपास असते, कधी थोडी अधिक. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

खजिनदार बदलण्यापूर्वीच हा प्रश्न विचारलात, हे फार बरे झाले. व्यक्तीच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर (अमेरिकेतील वैयक्तिक ओळख व करक्रमांकावर) उघडलेल्या खात्यातील पैसा कायद्याच्या आणि बँकेच्या नजरेत त्या व्यक्तीचाच दिसतो. वर्षभरात दहा डॉलर किंवा त्याहून अधिक व्याज जमा झाले, की व्याजाची माहिती करखात्याला कळवणारा १०९९-आयएनटी हा फॉर्म त्याच व्यक्तीच्या नावाने निघतो. तिच्यावर एखाद्या न्यायालयीन निकालाची वसुली आली किंवा दुर्दैवाने तिचे निधन झाले, तर मुलांच्या शिबिराचा पैसाही अडकून पडतो. व्यक्ती कितीही प्रामाणिक असली, तरी या धोक्यापासून तिची सुटका नाही; म्हणूनच गटाचे खाते वेगळे असणे ही खजिनदारावर अविश्वास दाखवणारी नव्हे, तर त्यालाच संरक्षण देणारी गोष्ट आहे.

आपल्याला हवा असलेला क्रमांक म्हणजे एम्प्लॉयर आयडेंटिफिकेशन नंबर, अर्थात ईआयएन. नावात एम्प्लॉयर असले, तरी एकही पगारी कर्मचारी नसलेल्या गटालाही तो मिळतो. हा नऊ अंकी क्रमांक आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याकडून, एसएस-४ या अर्जावर विनामूल्य मिळतो, आणि अर्ज ऑनलाइन भरल्यास बहुधा त्याच बैठकीत हाती येतो. त्यासाठी शुल्क मागणारी खासगी संकेतस्थळे शोधात सर्वांत वर दिसतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. अर्जात ‘रिस्पॉन्सिबल पार्टी’, अर्थात गटासाठी जबाबदार व्यक्ती, म्हणून एका प्रत्यक्ष व्यक्तीचे नाव आणि तिचा क्रमांक द्यावा लागतो. ती व्यक्ती बदलल्यास ६० दिवसांच्या आत ८८२२-बी या फॉर्मद्वारे कळवणे बंधनकारक आहे. स्वयंसेवी गटांमध्ये नेमके हेच राहून जाते, आणि आयआरएसच्या दप्तरी कित्येक वर्षांपूर्वी गट सोडून गेलेल्या पालकाचे नाव तसेच राहते.

आता आपला मुख्य प्रश्न. ईआयएन ही केवळ ओळख आहे, करमाफी नव्हे. करमाफी करकायद्यातील, धर्मादाय व शैक्षणिक संस्थांसाठीच्या कलम ५०१(सी)(३) खालील निकषांवर ठरते. ज्या संस्थेची ढोबळ जमा सामान्यतः ५,००० डॉलरपेक्षा अधिक नसते आणि जिचे उद्देश व कामकाज त्या निकषांत बसते, तिला अर्ज न करताही करमुक्त मानले जाते. ही ‘सामान्यतः’ची मर्यादाही ठरलेली आहे: पहिल्या वर्षी ७,५०० डॉलर, पहिल्या दोन वर्षांत मिळून १२,००० आणि त्यानंतर सलग तीन वर्षांची एकत्रित जमा १५,००० डॉलर. म्हणजे एखाद्या वर्षी शिबिर मोठे झाले आणि जमा थोडी वाढली, एवढ्याने लगेच घाबरण्याचे कारण नाही. मात्र मर्यादा खरोखर ओलांडली गेली, तर ते वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत अर्ज करावा. ५०,००० डॉलरपर्यंतच्या वार्षिक जमेच्या आणि अडीच लाख डॉलरपर्यंतच्या मालमत्तेच्या संस्थांना १०२३-ईझेड हा छोटा अर्ज चालतो. त्याचे शुल्क २७५ डॉलर आहे.

ईआयएनच्या अर्जाआधी एक काम मात्र अवश्य करावे: गटाची नियमावली लिहून त्यावर किमान दोघांच्या सह्या घ्याव्यात. ईआयएनसाठी अर्ज आला म्हणजे संस्था कायदेशीररीत्या अस्तित्वात आली आहे असे आयआरएस गृहीत धरते, आणि विवरणपत्रांचा काळ तेव्हापासूनच मोजू लागते. छोट्या करमुक्त संस्थांसाठीचे वार्षिक विवरण म्हणजे ९९०-एन ही ई-सूचना. जमा सामान्यतः ५०,००० डॉलर किंवा त्याहून कमी असल्यास ती चालते. त्यात नाव, पत्ता, करवर्ष, एका प्रमुख पदाधिकाऱ्याचे नाव अशी मोजकीच माहिती भरावी लागते. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या पाचव्या महिन्याची १५ तारीख ही तिची मुदत. उशिरासाठी दंड नाही. परंतु सलग तीन वर्षे भरली नाही, तर करमाफी आपोआप रद्द होते. हा नियम २००६ च्या कायद्याने आला, आणि २०११ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या, करमाफी रद्द झालेल्यांच्या पहिल्या यादीत सुमारे पावणेतीन लाख संस्था होत्या. आपल्यासारख्या, अर्ज न केलेल्या गटाचे नाव आयआरएसच्या यादीत आधीपासून नसते, त्यामुळे पहिली ई-सूचना भरण्यापूर्वी त्यांना दूरध्वनी करून ते नोंदवून घ्यावे लागते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद अचूक आहे. फक्त मोठ्या संस्थेच्या क्रमांकाबद्दल थोडे लिहितो. गट खरोखरच एखाद्या संस्थेचा भाग असेल आणि त्या संस्थेने लेखी संमती दिली असेल, तर तिचा ईआयएन वापरता येतो. गर्ल स्काउट्स या मुलींच्या संघटनेचे गट सामान्यतः आपल्या कौन्सिलच्या, म्हणजे विभागीय संस्थेच्या, क्रमांकावरच खाते उघडतात. अशा व्यवस्थेत वेगळे विवरणपत्र भरण्याचा भार राहत नाही. परंतु ते खाते कायद्याने त्या संस्थेचे ठरते, आणि उद्या गट वेगळा झाल्यास शिल्लक मागण्याचा हक्क उरत नाही. ज्या संस्थेशी आपला संबंध तिच्या सभागृहात बैठका घेण्यापुरताच आहे, तिचा क्रमांक बँकेत लिहून देणे मुळातच चुकीचे आहे, मग तेथील कोणी सद्भावनेने तोंडी होकार का दिलेला असेना. आपल्या परिस्थितीत मला स्वतःचा ईआयएन घेणेच योग्य वाटते.

प्रतिसाद ३

मी काही वर्षे एका युवा क्रीडा गटाची खजिनदार आहे, म्हणून बँकेच्या बाजूचे सांगते. आयआरएसचे सीपी ५७५ हे ईआयएन कळवणारे पत्र, सह्या झालेली नियमावली आणि बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत एवढे सोबत असले, तर काम सहसा एका फेरीत होते. इतिवृत्तात ‘व्यवहार करण्याचा अधिकार समितीला राहील’ असे मोघम लिहू नये. ठराव असा असावा: ‘गटाच्या नावाने चालू खाते उघडण्यात यावे, अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांना सहीचा अधिकार राहील, पदाधिकारी बदलल्यास नव्या इतिवृत्ताच्या आधारे सह्या बदलण्यात याव्यात.’ गटाचे नाव पत्रावर जसे आहे तसेच, अक्षरशः, खात्यावर यावे. सीपी ५७५ पुन्हा मिळत नाही. ते हरवल्यास दूरध्वनी करून १४७सी हे पडताळणीचे पत्र मागवता येते.

सही करणाऱ्यांची जन्मतारीख, पत्ता आणि ओळखपत्र बँक मागतेच. २००१ च्या पेट्रियट या दहशतवादविरोधी कायद्यापासून ती ओळख-पडताळणीची पद्धत आहे. आपला सोशल सिक्युरिटी नंबर दिला म्हणजे खाते आपल्या नावावर होते, असे समजून काही पालक सही करण्यास कचरतात. तसे होत नाही. व्याजाची नोंद गटाच्या ईआयएनवरच होते.

एकाच घरातील दोन व्यक्तींना सहीचा अधिकार देऊ नये. चेकवर दोन सह्या असाव्यात असा नियम गटाने जरूर करावा, पण बहुतेक बँका दुसरी सही आहे की नाही हे तपासत नाहीत. त्यामुळे मला त्याहून मोलाचे वाटते ते मासिक स्टेटमेंट, जे पैसे हाताळत नसलेल्या एका पालकाकडे थेट जाते आणि तो ते हिशेबाच्या वहीशी ताडून पाहून खाली तारीख घालून सही करतो. माझ्या वहीवर अशी सही दर महिन्याला होते, आणि मला तिचा मोठा आधार वाटतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नियमावलीचे काम आम्ही या आठवड्यातच हाती घेत आहोत. दोन शंका उरतात. जुन्या खात्यातील रक्कम कशी हलवावी? आणि निधी उभारण्याच्या विक्रीत जो मुलगा जितके पैसे आणतो, तितकी रक्कम त्याच्या शिबिर-शुल्कातून वजा करण्याची आमची पद्धत आहे. गटाचे स्वतंत्र खाते झाल्यावर ती चालू ठेवता येईल का?

प्रतिसाद १

रक्कम रोख काढू नये. खजिनदार ताईंनी संपूर्ण शिलकेचा एकच चेक गटाच्या नावाने द्यावा, त्या दिवशीची शिल्लक इतिवृत्तात नोंदवावी, आणि जुन्या स्टेटमेंटच्या प्रती गटाच्या दप्तरात ठेवून गटाने ताईंना रीतसर पोच द्यावी. पालक ज्या मोबाइल ॲपवरून पैसे पाठवतात, ते ॲपही ताईंच्या खात्यापासून तोडून नव्या खात्याला जोडावे. हा दुवा विसरला, तर वर्गणी जुन्याच खात्यात जमा होत राहते.

दुसरी पद्धत मात्र थांबवावी. २०१३ मध्ये कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लब या, खेळाडू मुलांसाठी निधी उभारणाऱ्या पालकसंस्थेच्या खटल्यात अमेरिकेच्या कर न्यायालयाने नेमक्या अशाच प्रथेमुळे संस्थेची करमाफी रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. विक्रीतून आलेला नफा ज्या कुटुंबाने विक्री केली त्याच्याच शुल्कात वळवला जात होता. म्हणजे संस्थेचे उत्पन्न खासगी लाभासाठी वापरले जात होते. विक्रीचा नफा सामाईक निधीत जमा करून सर्वांचेच शुल्क सारखे कमी करता येते. ज्या मुलांना शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी त्यातील काही भाग गरजेच्या लेखी निकषावर राखून ठेवावा, आणि त्या निर्णयात त्या मुलांच्या पालकांनी मत देऊ नये.